पेटी कुणाची

उमापूर, तालुका गेवराई
माघ वद्य ५, शके १८३१

चिरंजीव बद्रीनाथ यास,

केसरअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे सुखरूप आहोत. तुम्हा सगळ्यांची खुशाली रामहरी गाडीवानाकडून कळली. तुझ्या वत्सलानं त्याच्याबरोबर दिलेलं लोणचं पोचलं. मीठ जरा कमी पडलंय, तिला राग येणार नाही अशा बेतानं सांग.

ज्वारी खळ्यात आली. दाणा टपोरा आहे. मळ्यातल्या विहिरीचं काम मात्र थांबलं. सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल गेल्यावर काळा खडक लागला. त्याचं पुढं बघू.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गावानं बाँबवाला धरला. बीडात ही बातमी तुझ्या कानावर आली असेलच. पण एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाताना बातमी अंगानं वाढते, म्हणून नेमकं काय झालं ते मी लिहिते.

नाशकाला कलेक्टरसाहेबाचा खून झाल्यापासून गाव बिथरलेलं आहे. तू पाठवतोस ते वर्तमानपत्र चावडीवर मोठ्यानं वाचतात. वाचणारा एक, ऐकणारे साठ, आणि घरी जाऊन ते साठजण साठ तऱ्हेनं सांगतात. त्यात पौषात मावळतीला शेपटीचा तारा दिसला. इंग्रजी मुलखातले बाँबगोळे करणारे लोक शीव ओलांडून आपल्या निजामाच्या मोगलाईत लपायला येताहेत, अशी आवई उठली. आपलं गाव शिवेवरचं. पलीकडच्या बोलीचा माणूस दिसला की बाया लेकरांना हाताला धरून आत नेऊ लागल्या.

माघ लागताच वरून हुकूम आला. तीन दिवस दवंडी फिरली. पलीकडचा माणूस मुक्कामाला राहिला तर चावडीवर नाव द्यायचं. तालीम बंद. दारू, मग ती सुरुंगाची असो की शोभेची, परवान्याशिवाय घरात ठेवायची नाही. असेल ती आठ दिवसांत गेवराईला जमा करायची. मला वाटलं होतं, लोक कुरकुरतील. झालं उलटंच. लोक म्हणाले, सरकार एवढं लिहितंय त्या अर्थी खरंच काहीतरी असणार. हुकुमाआधी अर्धं गाव भ्यालेलं होतं, हुकुमानंतर सगळं भ्यालं.

मागच्या बाजाराच्या दिवशी आपल्या शिवारात म्हाळू बेलदार नावाचा पलीकडचा, शेवगावकडचा माणूस पेटीसकट सापडला. पत्र्याची पेटी, आत काळी दारू आणि वाती. लोकांनी त्याला बाजारातून ओढत चावडीवर नेलं. वाटेत चोप बसला. ते थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत पोलिसांचे अमीनसाहेब सहा जवान घेऊन आले आणि त्याला गेवराईच्या कोठडीत घेऊन गेले.

तुझ्या दाजींचं नाव झालं आहे. तहसीलदारसाहेब स्वतः घोड्यावर आले. चावडीसमोर सगळ्यांच्या देखत म्हणाले, असा पोलीस पाटील प्रत्येक गावाला मिळाला तर सरकारला फौज ठेवायला नको. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांकडे रिपोर्ट गेला आहे. मानाचं पागोटं मिळेल असं लोक बोलतात. पाणवठ्यावर बाया मला आधी घागर भरू देतात. मला हसू येतं, पण मी भरून घेते.

गाव निर्धास्त आहे, आम्हीही आहोत. तू काळजी करू नकोस.

एक सहज विचारते. असल्या गुन्ह्याला तुमच्या कायद्यात काय शिक्षा असते? आणि माणूस कबूलच झाला नाही, तर त्याला किती दिवस ठेवतात? घाई नाही, सवडीनं लिही.

तुझी,
केसरअक्का


उमापूर
फाल्गुन वद्य ३, शके १८३१

चिरंजीव बद्री,

आशीर्वाद. पत्र पोचलं. होळीला पुरण केलं तेव्हा तुझी आठवण झाली, तू कट पीत बसायचास ती.

मी शिक्षा विचारली होती. तू शिक्षा लिहिलीस खरी, पण उलट मलाच चार गोष्टी विचारल्यास. पेटी कुणाच्या जागेत सापडली, माणूस कुणाच्या कामावर होता, दारू कुणी आणली, आणि बाँब हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला. वकील झालास म्हणून बहिणीची उलटतपासणी घ्यायची काय?

तरी पहिल्या दोहोंचं उत्तर देते. पेटी आपल्या मळ्यातल्या छपरात होती. आणि म्हाळू आपल्याच विहिरीच्या कामावर होता. मागच्या दिवाळीपासून नवरा-बायको मळ्यात पाल टाकून राहत होते. कामाचा माणूस. पहारीचा आवाज ऐकून खाली खडक किती जाड आहे ते सांगायचा, आणि बरोबर निघायचं. बाकीच्या दोन गोष्टी लिहायला आज वेळ नाही.

गावाचं सांगते. बंदोबस्त वाढला आहे. गेवराईहून पाच जवान कायमचे मंजूर झाले, त्यांची भाकरी गावानं घरपाळीनं घालायची. हे सरकारनं आपणहून केलं असं समजू नकोस. गावानंच अर्ज केला. पन्नास अंगठे उठवले. पहिल्या आठवड्यात गस्त घाला म्हणाले, दुसऱ्या आठवड्यात जवान आणा म्हणाले, आता म्हणतात शिवेवर नाकं बसवा. दाजींनी एकदा सांगून पाहिलं की, आता पुरे. तर धोंडीराम तेली, जो आयुष्यात कधी पाटलापुढं मान वर करून बोलला नाही, तो म्हणाला, "पाटील, तुमी बाँबवाला धरला आन तुमीच कावून ढिले पडता?"

वीस वर्षं येणारा पैठणचा कासार वेशीवरून परत गेला. त्याच्या पेटाऱ्यात काय असेल सांगता येत नाही म्हणे. माझ्या हातातल्या बांगड्या त्यानंच भरलेल्या. एका बैराग्याला मारलं. त्याच्या झोळीत विभूतीची पुडी निघाली. चाफ्याच्या मळ्याकडच्या लग्नाला पलीकडून वऱ्हाड आलं, ते शिवेवर दोन प्रहर उन्हात उभं राहिलं. नवरदेवाच्या गाड्या उपसल्या, शोभेची दारू ओढ्यात ओतली. मुहूर्त टळला. आणि नवरीचा बाप काय म्हणाला असेल? म्हणाला, "टळंना का, पण बंदोबस्त चोख हाय."

परवा म्हाळूची बायको भिवराबाई परसदारी आली. मी एकटीच होते. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, गेवराईला जाऊन आले. उजव्या हाताची बोटं मोडलीत त्यायची. घास उचलंना."

मी म्हटलं, "दवापाणी करत असतील."

"करत्यात म्हनं." मग तिनं पदर सावरला. "बाई, दारू तुमचीच हाय न्हवं? पाटलांनी सांगितलं म्हनून आमी आनली. मला काय बी नको. तुमी येवढंच सांगा त्या सायबाला."

मी तिला भाकऱ्या बांधून दिल्या. तिनं घेतल्या नाहीत असं नाही, घेतल्या. भुकेली होती. पण जाताना म्हणाली, "भाकरी झाली, बाई. सांगनार कधी?"

यावर पत्रात काही विचारू नकोस. हल्ली टपाल फोडून वाचतात असं ऐकते.

तुझी अक्का


उमापूर
चैत्र शुद्ध ११, शके १८३२

चिरंजीव बद्री,

आशीर्वाद. हे पत्र टपालानं पाठवत नाही. रामहरी हातोहात देईल. त्याच्यासमोर वाच.

तुझ्या उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं देते.

दारू आम्ही आणली. पौषात, हुकूम निघायच्या आधी. खडक लागल्यावर म्हाळू म्हणाला, पहारीनं दोन वर्षं जातील, सुरुंगानं आठ दिवस. दाजींनी त्याला शेवगावला पाठवून दारू मागवली. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं, सगळेच आणतात. मग दवंडी झाली. दवंडी द्यायला लावणारे तुझे दाजीच. जमा करायला आठ दिवस होते. आम्ही म्हटलं, चार सुरुंग उडवले की विहीर पुरी होते, मग उरलेली देऊ. पण हुकुमानंतर धडाका करायचा कसा? सगळं गाव धावत आलं असतं. मुदत टळली. पेटी छपरात कडब्याखाली राहिली.

बाजाराच्या दिवशी मी मळ्यात होते. कडबा हलवायचा होता म्हणून म्हाळूनं पेटी उचलून बाहेर सावलीला ठेवली. तेवढ्यात धोंडीरामाची बायको रतनबाई आणि आणखी दोघी बाजाराला निघालेल्या, बांधावरून आत आल्या. रतनबाईनं विचारलं, "ह्यात काय हाय ओ?" झाकण सैल होतं. तिनं उघडलंच.

पाटलाच्या मळ्यात दारू, हे तासाभरात बाजारात, दुसऱ्या दिवशी गेवराईला, आणि तिसऱ्या दिवशी पाटीलकी गेली. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. आणि मी म्हटलं, "मला काय ठाव. त्याची हाय. पलीकडचा मानूस. बाँब बी असंल बाई."

बद्री, तो शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला. मी ओरडले नाही, कुजबुजले. तेवढं पुरलं. त्या तिघी बाजारात पोचेपर्यंत एका पेटीच्या तीन झाल्या होत्या. दुपारी बाजारातलीच माणसं काठ्या घेऊन मळ्यात आली.

म्हाळूला चावडीवर उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "मालकास्नी इचारा." सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "कामावर होता. पेटीचं मला ठाव न्हाई." त्यांना तसं म्हणायला मी सांगितलं नव्हतं. पण माझा शब्द त्यांच्या आधी चावडीवर पोचला होता. आता त्यांनी दारू आपली म्हटली, तर बायको खोटी पडत होती आणि बाँब पाटलाचा ठरत होता.

महिनाभर मी स्वतःला समजावलं, की मी खरंच घाबरले होते. घाबरले तर होतेच. तो माणूस पलीकडचा आहे हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं आणि त्याचं भय कधी वाटलं नव्हतं. भय वाटलं ते किटाळ आमच्यावर येईल याचं, आणि ते त्याच्या अंगावर टाकायला गावानं बोलणं तयारच ठेवलं होतं. मी फक्त उचललं.

गुढीपाडव्याला मी दाजींपुढं विषय काढला. ते कडुलिंबाचा घास हातात घेऊन बसले होते.

"आता बोलून काय उपेग?" ते म्हणाले. "अमीनाला पेटी बगताच कळलं व्हतं की सुरुंगाची हाय. येवढा काय तो येडा हाय? पर त्यानं बाँब लिवलं. तहसीलदारानं त्यावर सही केली. वरून जवान मंजूर झाले, अमीनाला बढती लागली. गावानं अंगठे उठवले. आता पेटी सुरुंगाची हाय हे कुणालाच नको हाय. मला बी न्हाई, अन् तुला बी न्हाई."

"म्हाळूला हवं हाय," मी म्हटलं.

त्यांनी कडुलिंबाचा घास खाली ठेवला. मग म्हणाले, "तू गेवराईला जाशील तर मी आडवनार न्हाई. संगं बी येनार न्हाई."

मला तेवढं पुरे आहे. मी जबाब देणार. ठरलं. आता तुझं काम. म्हाळूचं वकीलपत्र तू घे. गेवराईला एक दिवस ये, मी बोलेन आणि तू बाजूला उभा राहा. कायदा तुला येतो, आणि जे झालं ते मला ठाऊक आहे. दोन्ही मिळून माणूस सुटेल यात मला शंका नाही. पुढच्या गुरुवारी जायचा बेत आहे. रामहरीबरोबर उत्तर दे.

तुझी अक्का


उमापूर
वैशाख वद्य २, शके १८३२

चिरंजीव बद्रीनाथ यास,

आशीर्वाद. रामहरीनं तुझी चिठ्ठी आणली होती. महिना झाला, आज उत्तर देते.

तू लिहिलंस की सध्याच्या दिवसांत असलं वकीलपत्र घेणं म्हणजे सनदेवर पाणी सोडणं. कचेरीत तुझ्याकडे आधीच बोट दाखवतात, कारण तुझ्याकडे वर्तमानपत्र येतं. वत्सलाला दिवस गेलेत. शेवटी लिहिलंस, अक्का, तूही जाऊ नकोस, घर सांभाळ.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या दिवशी मळ्यात मी जे केलं त्याहून तू काही वेगळं केलं नाहीस. तू निदान दुसऱ्याचं नाव पुढं केलं नाहीस. म्हणून राग गिळला आणि गुरुवारी गाडी जुंपायला सांगितली.

उन्हं तापायच्या आत गेवराईला पोचलो. कचेरीच्या ओट्यावर वीसेक माणसं होती. पाटलीणबाई स्वतः आल्या म्हणून सगळी उठून उभी राहिली. तहसीलदारसाहेबांनी मोठ्या आदबीनं बांबूच्या चिकाचा पडदा सोडून आड खुर्ची मांडायला लावली. त्यांना वाटलं, मी पागोट्याच्या कामासाठी आले.

मी म्हटलं, "म्हाळू बेलदाराच्या पेटीबाबत जबाब द्यायचा आहे."

साहेब हैदराबादचे, पण मराठी समजतात. म्हणाले, "बाई, सोच समझकर बोलो. रिपोर्ट ऊपर जा चुकी है."

"समजून उमजूनच पंधरा मैल आले, साहेब."

त्यांनी विचारलं, "पेटी कुणाची?"

मी म्हटलं, "आमच्या घरची."

"असं चालत नाही. नाव पाहिजे."

बद्री, लग्नात उखाणा घेतला त्यानंतर अठरा वर्षांत ते नाव मी ओठावर आणलेलं नाही. घरात, देवळात, कुठं नाही. पडद्याआड बसून हात घट्ट धरले आणि म्हटलं, "मोहनराव पाटलांची. पौषात शेवगावहून मागवलेली सुरुंगाची दारू. विहिरीसाठी. बाँब हा शब्द मी काढला. खोटा काढला."

पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, उर्दूत लिहून घेतलं आणि वाचून अर्थ सांगितला: बाईला वाटतं की पेटी त्यांच्या घरची असावी.

"वाटत न्हाई," मी म्हटलं. "हाय, असं लिवा."

त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली नाही. तेव्हा मी चिकाखालून हात बाहेर काढला आणि कागद मागितला. त्याच्या उर्दूखाली मी मोडीत स्वतः पाच ओळी लिहिल्या आणि सही केली. बाईमाणूस लिहिते हे पाहून ओट्यावर कुजबुज झाली. आपल्या आबांनी लहानपणी तुझ्या पाटीवर मला गिरवायला बसवलं, त्याबद्दल त्या दिवशी त्यांना मनातून नमस्कार केला.

साहेबांनी कागद हातात घेतला. मग हळू आवाजात, बरंचसं मराठीत म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण पाच जवान मंजूर झाले ते बाँब सापडला म्हणून. आता मी वर काय लिहू? काय सापडलं?"

"खडक सापडला म्हणून लिहा," मी म्हटलं. "सहा परसांवर."

ते हसले की नाही, चिकातून दिसलं नाही. पण कागद त्यांनी फाडला नाही, दप्तरात लावला.

दुसऱ्या दिवशी दाजींना बोलावणं आलं. मला वाटलं, नाकारतील. ते गेले. परत आले तेव्हा तोंड धुऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "इचारलं, बाई बोलते ते खरं का. मी म्हनलं, बाई बोलली ते समदं खरं हाय. जे न्हाई बोलली ते बी खरं हाय, चावडीवर मी खोटं बोललो." एवढंच. पाटीलकी मुअत्तल झाली, काढून घेतली. शिक्का त्यांच्या चुलतभावाकडे गेला. दंड बसला तो भरला. त्या दिवसापासून त्यांना भाकरी गोड लागते, हे मी डोळ्यांनी पाहते.

म्हाळू सतरा दिवसांनी सुटला. पण निकाल स्वच्छ नाही. गुन्हा शाबीत होत नाही, म्हणून मुचलक्यावर सोडला असं लिहिलं. निर्दोष आहे असं कुठंही लिहिलेलं नाही.

आणि गाव? गावाला वाटतं, मी गाव उघडं टाकलं. जवान अजून आहेत, हुकूमही आहे. धोंडीराम सगळ्यांना सांगतो की ही पेटी पाटलाची असेल, पण खरी बाँबची पेटी दुसरीच होती आणि ती अजून सापडायची आहे. लोकांना ते पटतं. रतनबाई माझ्याशी बोलत नाही. पाणवठ्यावर आता माझी पाळी शेवटी येते. मी उभी राहते. घागर भरायची ती भरतेच.

परवा म्हाळू आणि भिवराबाई आपली हत्यारं न्यायला मळ्यात आली. मी मुद्दाम गेले. त्याची दोन बोटं वाकडी सांधली आहेत, मूठ वळत नाही. मी त्याला सांगितलं, "म्हाळू, बाँबचं नाव मी काढलं होतं."

"ठाव हाय, बाई," तो म्हणाला. "कोठडीत अमीनसाहेबच बोलले, पाटलीनबाईनं सांगितलं म्हनून."

"मग तू तिथं कावून सांगितलं न्हाईस, दारू आमची म्हणून?"

"सांगितलं की. रोज सांगितलं. जवा सांगितलं तवा मारलं." तो छिन्न्या मोजत होता, वर पाहिलं नाही. "तुमी येकदा सांगितलं, त्यास्नी लिवून घ्यावं लागलं."

भिवराबाई म्हणाली, "लई झालं. सुटले, येवढं पुरे." पण त्याला पुरे नव्हतं. तो म्हणाला, शेवगावला जाऊन आलो, तिकडं बी कुणी विहिरीवर उभं करंना. निजामात बाँबवाला म्हनून धरलता, असं तिकडच्या पोलिसांनी गावागावात सांगून ठेवलंय. इकडं पलीकडचा, तिकडं मोगलाईतला. मुकादम म्हनतो, कागद आन, तू तसला न्हाईस म्हनून. असला कागद कोन देतं, बाई?

मी त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली. माफ केलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क मला नाही.

पण कागदाचं मी त्याला कबूल केलं आहे. आणि ते काम माझ्या मोडीनं होत नाही.

तालुकदारसाहेबांच्या नावानं उर्दूत अर्ज हवा. त्यात लिहायचं की म्हाळू बेलदार हा विहिरी खोदणारा माणूस असून त्याच्याकडे सापडलेली दारू मोहनराव पाटलांच्या कामाची होती, माझा मोडीतला जबाब गेवराईच्या दप्तरात आहे, आणि सरकारनं त्याला निर्दोषपणाचा शिक्कामोर्तबाचा दाखला द्यावा. त्यात तुझं नाव घालू नकोस. वकीलपत्र नको. खाली अर्जदार म्हणून माझं नाव लिही, केसरबाई, मोहनरावांची बायको. नाव मी आता स्वतः घेते, तुला ते लिहायला भीती नसावी. उत्तर आलं नाही तर दुसरा अर्ज, मग तिसरा. ते थकतील, मी थकणार नाही.

वत्सलाला आठव्यात माझ्याकडे पाठव. इथं जवान असले तरी घर माझं आहे आणि बाळंतपण मी करणार. तिला आता इकडचंच लोणचं खावं लागेल.

हा अर्ज तू लिहिलास तर आपल्यातलं मागचं सगळं फिटलं असं मी समजेन. नाही लिहिलास तरी तू माझा भाऊच राहशील, पण मग अर्ज लिहायला मी दुसऱ्या कुणाकडे जाईन, आणि त्यानं विचारलं की तुमचा भाऊ वकील ना, तर त्याला मी खरं सांगेन. हल्ली मला तीच सवय लागली आहे.

रामहरी चार दिवस बीडातच थांबेल. तुझी नव्हे, त्या कागदाची वाट पाहणारी,

केसरअक्का